बटातली तेलाची बाटली

खंडेनवमीला आमच्या पडवीत पाट मांडतात. कोयता, खुरपं, कुऱ्हाड, टिकाव, वहिनीची कापड बेतायची कात्री, अलीकडं ट्रॅक्टरची चावीसुद्धा. या सगळ्यांच्या कडेला आण्णा एक पितळी बाटली ठेवतात. अंगठ्याएवढी जाड, वीतभराहून कमी लांब. झाकण पिळून उघडलं की झाकणालाच जोडलेला एक लांबट पातळ चमचा बाहेर येतो. झाकणाच्या आत चामड्याची चकती आहे, ती आता वाळून कडक झालीय. ती बाटली थ्री नॉट थ्री रायफलीच्या बटात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्यात ठेवायची, तेलाची. सैन्यातून सुटून आल्यावर कितीतरी वर्षांनी आण्णांना ती बेळगावात एका भंगारवाल्याच्या ढिगात दिसली. तांब्या-पितळेच्या भावानं तोलून घेतली. घरी आल्यावर चिंचेनं घासली आणि देवळीत ठेवली. तेव्हापासून दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला टेकलेलं. इथं प्रत्येक गल्लीत दोन-चार पेन्शनर भेटतात. मराठा सेंटर हाकेच्या अंतरावर, त्यामुळं पोरगं दहावी झालं की पहाटे रस्त्यानं धावायला लागतं. आण्णा १९६१ साली अठराव्या वर्षी भरती झाले. आता माझ्या भावाचा मुलगा पलटणीत आहे. यंदा तो दसऱ्याला सुट्टीवर आला होता, आणि पाटावरची बाटली उचलून त्यानं सहज विचारलं,

"आज्जा, तुमची ती थ्री नॉट थ्री आता काय कामाची हो?"

"काय कामाची म्हणजे? नेम धरून घोडा ओढला की लागतीय. आणि काय पाहिजे?"

"तशी तर गलोलपण लागतीय की."

आण्णांनी त्याच्याकडं बघितलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला कळलं, आता दुपार यातच जाणार. मी पण तिथंच बसले, कारण या प्रश्नाशी माझंही जुनं नातं आहे.

आण्णांनी कोपऱ्यातली काठी घेतली. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण काठी खांद्याला लागली तशी पाठ सरळ झाली. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट हवेतल्या बोल्टवर, म्हणजे गोळी आत सारायच्या सरकत्या दांड्यावर. वर, मागं, पुढं, खाली. हनुवटी काठीवरून हलत नाही, डोळा नेमावरून सुटत नाही. हीच त्या रायफलीची करामत होती. तिच्या बोल्टची मूठ थोडीच फिरवावी लागते आणि मागं-पुढं सरकायचं अंतरही कमी, त्यामुळं खांद्यावरून न काढता पुढची गोळी भरता येते. त्या काळच्या दुसऱ्या सैन्यांच्या बोल्ट रायफलींत बहुधा पाच गोळ्या मावायच्या, हिच्यात दहा. पहिल्या महायुद्धाआधी इंग्रज शिपायाला तीनशे यार्डांवरच्या निशाणावर एका मिनिटात पंधरा गोळ्या लावून दाखवाव्या लागत. हातानं एकेक गोळी भरून, नेम धरून पंधरा. १९०७ च्या या मॉडेलवर आपल्या लोकांनी दोन महायुद्धं काढली. बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यात ती स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली.

गोळ्या भरायचीही एक रीत होती. पाच-पाच गोळ्या पत्र्याच्या क्लिपमध्ये बसवलेल्या यायच्या. ती क्लिप वरून खोबणीत उभी करायची आणि अंगठ्यानं एका दाबात पाची गोळ्या आत ढकलायच्या. थ्री नॉट थ्रीच्या गोळीच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेमागं अडकली की संपलं, बोल्ट पुढं ढकलताना दोन्ही गुंततात. म्हणून रिक्रुटांना अंधारात, बोटांनी चाचपून, कडा ओळखायला लावायचे. आण्णांच्या उजव्या अंगठ्याचं नख अजून मधोमध उभं दुभंगलेलं आहे. लहानपणी मी ते नख हातात धरून झोपायची.

"एवढं सगळं करून दहा गोळ्या," भाचा म्हणाला. "आज्जा, समोरच्याकडं तीसची मॅगझिन असतीय. तुम्ही बोल्ट मागं घेईपर्यंत तो तुमच्याकडं रिकामी करतोय."

"तीस असल्या म्हणून काय झालं? घाडगेंची गोष्ट सांगितलीय न्हवं तुला?"

यशवंत घाडगेंची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. नाईक घाडगेंच्या सेक्शनमधली बाकी सगळी माणसं मेली किंवा जायबंदी झाली, आणि समोर मशीनगन. ते एकटे धावले, ग्रेनेड टाकला, टॉमी गननं एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता. मग त्यांनी गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानं मारलं. नंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आण्णांचं म्हणणं असं, की गोळ्या किती आहेत यापेक्षा माणूस शेवटच्या गोळीनंतर काय करतो ते बघा.

मला वाटतं, ही गोष्ट त्यांच्या बाजूनं बोलत नाही. घाडगेंच्या हातात त्या दिवशी थ्री नॉट थ्री असती, तर तिथवर पोचता आलं असतं का? ते मशीनगनच्या तोंडाशी गेले ते स्वयंचलित हत्यार घेऊन. त्यांची मर्दुमकी त्यांची होती, तिचं श्रेय कुठल्याच बंदुकीला देऊ नये. हे मी त्या दुपारी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. आण्णा काही बोलले नाहीत.

मी स्वतः थ्री नॉट थ्री एकदाच चालवलीय. कॉलेजात एन.सी.सी.त होते, १९८८ साल. एरवी आम्हा मुलींच्या वाट्याला पॉइंट टू टू यायची, तिचा आवाज फटाकडीसारखा. एका कॅम्पात उस्तादांनी निवडून सहा-सात जणींना मोठ्या रायफलीवर बसवलं. पाच गोळ्या. खांद्याच्या खळीत बट घट्ट दाब, गाल लाकडाला टेकव, श्वास अर्धा सोड. पहिल्या गोळीला डोळ्यांपुढं काळोख आला आणि कानात मधमाश्यांचं मोहोळ उठलं. दुसरी, तिसरी. चौथीला घोडा ओढला आणि नुसती टिक. काही नाही.

"हिलना मत!" उस्ताद ओरडले. नळी समोरच ठेवून तशीच पडून राहिले. कधी कधी अशी गोळी थोडी थांबून उडते, म्हणून लगेच बोल्ट उघडायचा नसतो. ते शांतपणे मोजत होते, माझं काळीज कानात वाजत होतं. मग त्यांनी स्वतः बोल्ट उघडला आणि गोळी हातात घेतली. बुडाच्या टोपीवर, जिला ठोका बसला की गोळी पेटते, पिनेचा खड्डा अगदी मधोमध उमटला होता. रायफलीनं आपलं काम चोख केलं होतं. बुडावर कोरलेलं साल मी वाचलं. ते माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधीचं होतं.

यात कुणाची चूक नव्हती. लोखंड आणि अक्रोडाचं लाकूड तेल लावून, पुसून, शंभर वर्षं टिकवता येतं. गोळीतली दारू आणि टोपीतला मसाला तसा टिकत नाही. उष्म्यानं, दमट हवेनं, पेटीत पडल्या पडल्या तो मंदावतो. त्या दिवसापासून मला पक्कं वाटत आलंय की बंदुकीचं वय नळीवरून ठरत नाही, ते गोळीवरून ठरतं. गोळी बनायची थांबली, की दुसऱ्या दिवसापासून ती रायफल म्हातारी व्हायला लागते. गोळीमागोमाग सुटे भाग जातात. रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग मोडली तर दुसऱ्या रायफलीतली काढून बसवायची, मग तिसरीतली.

कॅनडाच्या उत्तरेला बर्फाच्या मुलखात रेंजर म्हणून स्थानिक लोक गस्त घालतात. त्यांच्याकडं ली-एनफिल्ड रायफल अगदी परवापरवापर्यंत होती. ही आपल्या थ्री नॉट थ्रीचीच धाकटी बहीण, नंबर चार. त्या हाड गोठवणाऱ्या थंडीत नव्या रायफली अडतात आणि ही चालते, अस्वल आडवं आलं तर थांबवते, म्हणून ती ठेवली होती. ती बदलायची वेळ आली ती सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून. आणि २०१५ नंतर त्यांना जी नवी सी-१९ दिली, तीसुद्धा हातानं बोल्ट ओढायचीच आहे. हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला पटेना. त्यानं मोबाईलवर बघितलं, आणि मग आण्णांना वाचून दाखवलं. आण्णांनी तेवढं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

माझ्या मामाचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. तिथला पाऊस सांगून कळायचा नाही. मामाकडं शेतरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या ठासायचा, बुडाला टोपी बसवायची. थ्री नॉट थ्रीच्याही कितीतरी आधीची तऱ्हा. भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावर कंदील घेऊन बसायचं आणि गवे नाहीतर डुकरं शिवारात उतरल्याची चाहूल लागली की आभाळात बार काढायचा. मामानं कधी जनावर मारलं नाही, मारायची इच्छाही नव्हती. मोठा आवाज आणि दारूचा वास एवढंच त्याला हवं होतं. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर घेऊन यायची. जमा असायची त्या दिवसांत मामी पत्र्याचा डबा बडवायची, आणि मामाच्या मते डब्यानंही निम्मं काम व्हायचं. एवढ्या कामाला ती दोनशे वर्षं जुनी तऱ्हा पुरून उरत होती. तिथं नवीन रायफल घेऊन बसलेला माणूस वेडा ठरला असता, आणि शिवाय तुरुंगात गेला असता.

पण शिपायाचं काम आवाज काढायचं नाही.

१९६२ साली आण्णा नुकतेच कसम परेड करून पलटणीत गेले होते. त्यांची पलटण त्या वर्षी वर गेली नाही, पण जे नेफातून, म्हणजे आताच्या अरुणाचलातून, परत आले त्यांच्याकडून त्यांनी ऐकलं. आपल्या हातात बोल्टची थ्री नॉट थ्री, समोर चिनी सैनिकांकडं आपोआप भरणाऱ्या रायफली. थंडीचे कपडे अपुरे, गोळ्या मोजक्या. त्या पराभवाला कारणं पुष्कळ होती, रायफल त्यातलं एक. त्यानंतर एस.एल.आर. आली, आपोआप भरणारी, सात पॉइंट बासष्ट मिलिमीटरच्या गोळीची, मॅगझिनमध्ये वीस गोळ्यांची. ईशापूरनं मधल्या काळात थ्री नॉट थ्रीचाच सांगाडा चांगल्या पोलादात घडवून सात पॉइंट बासष्टच्या गोळीसाठी टू-ए नावाची रायफल काढली. म्हणजे शरीर जुनं ठेवलं आणि गोळी नवी दिली. माझ्या मताला याहून चांगला पुरावा नको. आण्णांनी १९७१ एस.एल.आर.वर काढलं. तिचंही ते कौतुक करतात, पण परक्याच्या मुलीचं करावं तसं, बेतानं.

भाच्यानं सुरुवात इन्सासवर केली, आता त्याच्याकडं सिग ७१६ आहे. आम्ही तिघं वजनांवर आलो तेव्हा दुपारची खरी गंमत सुरू झाली. आण्णांची समजूत अशी की नवी रायफल म्हणजे प्लॅस्टिकची, हलकी. ती तशी नाही. थ्री नॉट थ्री चार किलोच्या आसपास, इन्सास मोकळी चार किलो दीडशे ग्रॅम, सिगही साधारण तेवढीच. फरक पडतो तो गोळीत. थ्री नॉट थ्रीची एक गोळी सुमारे पंचवीस ग्रॅम, इन्सासची पाच पॉइंट छप्पन्नची बारा ग्रॅम. पन्नास गोळ्या घेतल्या तर एकीकडं सव्वा किलो, दुसरीकडं सहाशे ग्रॅम. डोंगर चढणाऱ्या माणसाला हे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम म्हणजे काय, ते राजहंसगडावर भरली कळशी घेऊन चढलेल्या बाईला विचारा.

"आणि तुझ्या सिगची गोळी?" मी विचारलं.

तो थोडा थांबला. "सात बासष्ट आहे, आत्ती. चोवीसेक ग्रॅम."

"म्हणजे आमच्याच वजनावर आलात की परत," आण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

हे खरंच आहे. हलकी गोळी जास्त नेता येते म्हणून सैन्य सात पॉइंट बासष्टवरून पाच पॉइंट छप्पन्नवर गेलं. कारगिलच्या थंडीत इन्सासची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. पुढं २०१९ पासून बहात्तर हजारांवर सिग ७१६ घेतल्या गेल्या, लांब पल्ल्याच्या, जड गोळीच्या. अमेठीजवळ कोरव्याला सहा लाखांहून अधिक ए.के. २०३ बनवायचं ठरलं, तिची गोळी तिसरीच, आखूड सात पॉइंट बासष्ट. म्हणजे लांबवर जोरात मारणारी गोळी हवी, हे म्हातारीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती गोळी आता वीसच्या मॅगझिनमधून, बोल्टला हात न लावता सुटते. आणि रायफलीच्या पाठीवर जी दातेरी पट्टी असते, तिच्यावर दुर्बीण बसते. "आज्जा, दिवेलागणीला तुम्हाला फोरसाइटची टिप दिसायची काय?" असं त्यानं विचारलं. आण्णा खोटं बोलत नाहीत. "नाही दिसायची," म्हणाले. "अंदाजानं मारायचो."

एकाच गोष्टीबद्दल आमच्या घरात वाद होत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री टीव्हीसमोर आम्ही सगळे होतो. मुंबईच्या सी.एस.टी. स्टेशनात दोघंजण ए.के. घेऊन प्रवाशांवर गोळ्या झाडत फिरत होते, आणि तिथल्या पोलिसांकडं लाठ्या आणि थोड्या थ्री नॉट थ्री. आमच्या नात्यातला एक पोरगा पोलिसात होता, दुसऱ्या शहरात. तो सांगायचा, वर्षात सरावाला मोजून दहा गोळ्या मिळतात, त्याही कधी मिळतात, कधी नाही. अंधाऱ्या, माणसांनी भरलेल्या फलाटावर, समोरून सतत गोळ्या येत असताना, अशा माणसानं हातानं बोल्ट ओढून नेम धरायचा होता. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर तीही नव्हती, लाठीच होती. कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळं.

त्या रात्री आण्णा बराच वेळ पडवीत बसून होते. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "बाय, मी चांगली म्हणतो ती माझ्या कामाला. त्यांच्या हातात ती द्यायला नको होती."

तोपर्यंत मीही आण्णांचीच री ओढत आले होते. शाळेत मुलांना सांगायची, जुनं ते मजबूत. त्या रात्रीनंतर ते मी कधी म्हटलं नाही. जुन्या हत्यारावर जीव असणं वेगळं आणि ते पगारी नोकरीवरच्या पोराच्या हातात देऊन त्याला मारेकऱ्यापुढं उभं करणं वेगळं. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या परेडला. म्हणजे सी.एस.टी.नंतर अकरा वर्षांनी. एवढा वेळ का लागावा, याचं मला आजही वाईट वाटतं. चालतेय ना, मग चालू दे, असं म्हणणाऱ्यांना त्या फलाटावर उभं राहायचं नसतं.

तरी एक गोष्ट मी भाच्याला सांगितलीच. माझा नेम बसला तो त्या जड रायफलीनं, पाचच गोळ्या मिळाल्यामुळं. प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट ओढावा लागतो, तेवढ्यात मागच्या गोळीचा विचार होतो. कुठं गेली, का गेली. उडालेल्या गोळ्यांची रिकामी काडतुसं मोजून परत द्यावी लागतात, एक कमी पडलं तर सगळा वर्ग गवतात शोधतो. त्यानं मान हलवली. त्यांनाही पहिल्यांदा एकेकच गोळी मारायला शिकवतात, म्हणाला, आणि बर्स्टवर, म्हणजे एका ओढीत अनेक गोळ्यांवर, जायची घाई केली की उस्ताद कान धरतात. आण्णा यावर काही बोलले नाहीत, पण त्यांनी चहा परत मागवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो निघाला. पहाटेची गाडी होती. आण्णा टॉर्च घेऊन कोपऱ्यापर्यंत आले, बाकी कुणी एवढ्या लवकर उठलं नव्हतं. पिशवी गाडीत टाकताना त्यांनी विचारलं,

"तुझ्या रायफलीत तेलाची बाटली कुठं असतीय रे?"

"पाऊचमध्ये, आज्जा. साफसफाईचं सगळं सामान एकाच पाऊचमध्ये."

"बटात नाही?"

"बट आत-बाहेर सरकतोय. त्यात जागा नाही."

आण्णांनी टॉर्च बंद केली, परत लावली. "मग ते पाऊच कमरेलाच ठेव," म्हणाले. "पिशवीत टाकू नकोस. पिशवी मागं राहते."